‘मॉयटी’ म्हणजे निम्मा की नुसता वाटा? जुन्या दोन खंडी ऑक्सफर्ड कोशाबद्दल

शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, तिसरी आवृत्ती, 1973 ची, दोन खंड. गेल्या पावसाळ्यात बेळगावात खडेबाजाराजवळच्या एका बोळातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली. दुकानदारानं 1500 सांगितले, 1100 ला दिली. घेऊन वर्ष होत आलं, रोज हाताखाली असते, म्हणून आता लिहिते.

मी कोर्टासमोर टायपिंगचं काम करते. 22 वर्षं झाली. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, वटमुखत्यार, ॲफिडेव्हिट, जे येईल ते. कन्नड ‘नुडी’ ह्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर करते, मराठी आणि इंग्रजीही करते. आपल्या भागात तिन्ही लागतात. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं इथं घरोघरी ट्रंकेच्या तळाशी मोडीतले, बाळबोधातले आणि इंग्रजीतले कागद आहेत. त्यांच्यावर कन्नडमधले. एकाच घराच्या चार पिढ्या, पण आजोबांचा कागद नातवाला वाचता येत नाही आणि नातवाचा कागद आजीला. अशी माणसं आमच्या टेबलाशी येतात आणि आधी टायपिंगचा दर विचारत नाहीत. पिशवीतून कागद काढतात आणि म्हणतात, “अक्का, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा की ओ.”

खानापूरकडचा एक तरुण असाच आला. पणजोबांच्या नावचं 1934 चं इंग्रजी खरेदीखत. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, स्टँपवर पंचम जॉर्जचं तोंड. शहरातलं एक जुनं घर, पुढं दुकानाचा गाळा, मागं परडं आणि आड. पणजोबांनी ते सगळं घर घेतलं नव्हतं. घेतली होती ‘वन अनडिव्हायडेड मॉयटी’, म्हणजे न वाटलेली एक मॉयटी. त्या दोन-तीन पानांत हा शब्द पाच वेळा होता. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत होते की मॉयटी म्हणजे नुसता वाटा. मूळ घरमालक तीन भाऊ होते, तर वाटा तिसरा. हा म्हणत होता निम्मा. म्हणजे भांडण घराच्या सहाव्या भागाचं, आणि ते सगळं एका शब्दावर अडलेलं.

मी तो शब्द त्याआधी कितीतरी वेळा टाईप केला होता. हिज्जे बोटांना पाठ होते. अर्थ विचारला तेव्हा मी गप्प बसले. ते मला फार लागलं. लोकांच्या घरादाराचे शब्द माझ्या हातून जातात, आणि त्यातला एक शब्द काय सांगतो ते मला ठाऊक नसावं, हे बरोबर नाही.

फोनवर टाकून बघितलं. भाषांतराच्या ॲपनं एकदा ‘अंश’ म्हटलं, एकदा रसायनशास्त्रातल्या रेणूचा भाग म्हटलं. ते चूक नाही; रसायनशास्त्रात हा शब्द आज खरंच त्या अर्थानं चालतो. पण 1934 च्या खरेदीखतात रेणू कुठला? टेबलाच्या खणातल्या खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशात ‘अर्धा भाग’ एवढंच होतं. ते त्या पोराच्या बाजूचं होतं, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं कशावरून खोटं, ते त्यात नव्हतं. अर्थ एका ओळीत सांगणारा कोश भांडणात उपयोगी पडत नाही. दोन्ही बाजू आपापली ओळ दाखवतात.

ह्या मोठ्या कोशाचं खरं मोल इथं आहे. तो शब्दाचा अर्थ सांगतोच, शिवाय तो अर्थ कधी सुरू झाला, तेही सांगतो. प्रत्येक अर्थापाशी साल किंवा काळ दिलेला असतो. जो अर्थ पार मेला त्याच्या आधी खंजिराची बारीक खूण असते. जो मेला नाही पण रोजच्या बोलण्यातून उठला, फक्त कवितेत, चर्चमध्ये किंवा दस्तात उरला, त्याच्यापुढं वेगळा संक्षेप. कायद्यातला असेल तर तसं लिहिलेलं. हा फरक मला आधी माहीत नव्हता. मी सगळ्याच अवघड शब्दांना जुने म्हणत होते. मेलेला शब्द आणि म्हातारा शब्द ह्यात फरक आहे. म्हातारा शब्द अजून सही करू शकतो.

मॉयटी दुसऱ्या खंडात आहे. पहिला खंड ‘मार्कवर्दी’ शब्दावर संपतो आणि दुसरा ‘मार्ल’वर सुरू होतो, म्हणजे ‘एम’ अक्षर मधोमध चिरलेलं. पहिले काही दिवस हात चुकीच्या खंडाकडे जायचा. शब्द आला फ्रेंचमधून, तिथं लॅटिनमधून. लॅटिनमध्ये मूळ ‘मेदिउस’, म्हणजे मधला. हे वाचून मी थांबले, कारण हा आपला ‘मध्य’च आहे. संस्कृत आणि लॅटिनचं ते जुनं नातं. मधोमध चिरलं की दोन सारखे भाग होतात, तो एक भाग म्हणजे मॉयटी. फ्रेंचांच्या घरात हाच शब्द आजही अगदी साधा आहे, भाकरी निम्मी कर म्हणावं इतका साधा, आणि बायकोला किंवा नवऱ्याला प्रेमानं ‘माझा अर्धा’ म्हणायलाही तोच. आपली अर्धांगिनी तशीच. इंग्रजीत मात्र तो कायद्याच्या कागदात जाऊन बसला आणि बाहेर कमी दिसू लागला.

कायद्यातला पहिला अर्थ निम्मा, हे कोश स्वच्छ सांगतो. आणि पुढं हेही सांगतो की ढिलेपणानं तो ‘एक वाटा’ ह्या अर्थानंही वापरला गेला. म्हणजे दुसऱ्या बाजूचे लोक हवेत बोलत नव्हते. मला हे आवडलं नाही तरी पटलं. आपल्या बाजूचं तेवढं सांगणारा कोश मला नकोच आहे.

ज्यांचं काम मी करते त्यातल्या एका वयस्कर वकीलसाहेबांकडे खंड दोन पिशवीत घालून नेला. त्यांनी कपाटातून शेक्सपिअर काढला. 1598 साली छापलेलं ‘चौथा हेन्री’ नाटक, पहिला भाग. राजाविरुद्ध उठलेले तीन जण देशाचा नकाशा पुढं पसरून वाटणी करतात. त्यातला हॉटस्पर चिडतो: ट्रेंट नदी वळण घेऊन येते आणि माझ्या चांगल्या जमिनीचा अर्धचंद्राएवढा तुकडा कापून नेते, माझी मॉयटी तुमच्याएवढी भरत नाही, मी नदीला बांध घालून सरळ वळवतो. वाटे तीन, आणि तरी तो आपल्या वाट्याला मॉयटी म्हणतो. वकीलसाहेब म्हणाले, “हे दुसऱ्या बाजूच्या कामाचं आहे, आपण आधी बघून ठेवलेलं बरं.” मला तर तो हॉटस्पर आपल्याकडचाच वाटला. घटप्रभेच्या, मलप्रभेच्या काठावर नदीनं बांध खाल्ला म्हणून किती अर्ज मी टाईप केलेत. माणूस नकाशावर बोट ठेवून हेच बोलतो.

मग त्यांनी मला दुसरी गोष्ट समजावली, ती मी कुणालाही सांगेन. इंग्लंडातले मुरलेले दस्तलेखक नुसतं ‘मॉयटी’ लिहून थांबत नसत. ‘मॉयटी ऑर इक्वल हाफ पार्ट’, म्हणजे ‘मॉयटी किंवा सारखा अर्धा भाग’, असं जोडून लिहीत. एक फ्रेंच शब्द आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून इंग्रजी शब्द. 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तिथल्या कायद्यात फ्रेंच शिरली. 1362 ला कायदा झाला की कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तरी कागदातली लॅटिन आणि कायद्याची फ्रेंच पूर्ण जायला 1731 चा कायदा यावा लागला, तो लागू झाला 1733 ला. मधल्या काळात ज्याला फ्रेंच कळते त्यालाही कळावं आणि ज्याला इंग्रजी कळते त्यालाही, अशा जोड्या दस्तात बसल्या आणि भाषा बदलल्यावरही उठल्या नाहीत.

हे ऐकताना माझ्या डोळ्यापुढं आपले दस्त आले. आपणही ‘वाटा-हिस्सा’ लिहितो. वाटा आपला, हिस्सा अरबीतून आलेला. ‘निम्मा’ फारसीतल्या ‘नीम’वरून, ‘अर्धा’ संस्कृतातून. आमच्याकडं बोलताना कन्नडमधला ‘पालु’, म्हणजे वाटा, हाही त्यात येऊन मिसळतो. शेळी अर्धलीनं दिली म्हणणारा आणि अर्ध पालु म्हणणारा एकाच बांधावर उभे असतात आणि एकमेकांना कळतं. ज्या गावानं दोन-तीन भाषांत संसार केला त्याच्या कागदात शब्द असे जोडीनं येतात. आपल्या जुन्या खरेदीखतातलं ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ हे मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलंय, आणि इंग्रजी दस्तातली ‘टेनेमेंट्स, हेरेडिटामेंट्स अँड अपर्टनन्सेस’ (जमीन-घर, वारसानं येणारं आणि त्याला लागून असलेलं सगळं) ही माळ टाईप करताना तोच ताल लागतो. काही सुटू नये ही काळजी दोन्हीकडं सारखी.

आमच्या 1934 च्या कागदात मात्र लिहिणाऱ्यानं जोड टाकली नव्हती. नुसती मॉयटी. म्हणून तर वाद.

रात्री जेवण झाल्यावर मी तो कागद परत घेऊन बसले, कोश शेजारी. आधी मी अडलेला शब्दच तेवढा बघत होते. आता शब्दाच्या मागचं-पुढचं वाचलं. चौथ्या ठिकाणी आडाच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं: खरेदी घेणाऱ्यानं आणि ‘दि ओनर ऑफ दि अदर मॉयटी’नं आड सामायिक वापरावा. ‘दि अदर’. ‘अनदर’ नाही, ‘अदर्स’ नाही. ‘ती दुसरी मॉयटी’. तीन वाटे असते तर एक दुसरी कशी उरेल? उरल्या असत्या दोन. कोशात ‘अदर’च्या नोंदीत हेच सापडलं: ‘दि’ लागलं की दोनांपैकी उरलेला एक. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात घराचे दोनच भाग होते. साधा, रोजचा, शाळेतला शब्द, आणि जुन्या शब्दाचा अर्थ त्यानं सांगितला. सकाळी वकीलसाहेबांना फोन केला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “कागद घेऊन या.”

पुढचं काम त्यांचं होतं. कोश शब्द सांगतो, हक्क सांगत नाही, आणि हे मी प्रत्येक माणसाला सांगते. ते घर नोंदणीला कुणाच्या नावावर, मधल्या 90 वर्षांत काय झालं, वारस किती, हे सगळं वेगळं. पण तो पोरगा माझ्या टेबलापाशी आला तेव्हा त्याला स्वतःच्या पणजोबाचा कागद परका वाटत होता. आता त्यातली एक ओळ तो बोट ठेवून वाचून दाखवतो.

त्या एका शब्दानंतर मी आमच्या रोजच्या इंग्रजी मसुद्यातले सगळे शब्द एकेक करून काढले. दिवसाला एक. ‘विटनेसेथ’ मला नाम वाटायचं, साक्षीदाराच्या जातीतलं काहीतरी. ते क्रियापद आहे. शेवटचा ‘एथ’ हा जुना प्रत्यय, ज्याच्या जागी आता ‘एस’ येतो. ‘हा दस्त साक्ष देतो की’, एवढं सरळ वाक्य. 22 वर्षं मी ते कॅपिटलमध्ये, ओळीच्या मधोमध टाईप करत होते. ‘इंडेंचर’मध्ये दात आहेत, लॅटिन ‘देन्स’, आपला ‘दंत’. एकाच कातड्यावर करार दोनदा लिहायचे आणि मधून नागमोडी, दातेरी कापायचे. वाद झाला की दोन तुकडे जुळवून बघायचे, दात बसले तर कागद खरा. आता आपण टोकनवर, अंगठ्यावर, फोटोवर जी खात्री करतो ती तेव्हा कात्रीच्या वळणावर होती.

सगळ्यात जास्त मन लागलं ते ‘मेस्विज’ शब्दात. हिज्जे बघून ‘मेसुएज’ वाचावंसं वाटतं, पण उच्चार मेस्विज. अर्थ राहतं घर, त्याचं आवार, गोठा-परड्यासकट. पण हा शब्द आला कुठून? मूळ फ्रेंच शब्द बहुधा ‘मेस्नाज’, घरसंसार ह्या अर्थाचा. जुन्या हस्ताक्षरात ‘एन’ आणि ‘यू’ सारखे दिसतात. कुणा लेखनिकानं एकाचा दुसरा वाचला, तसाच उतरवला, आणि पुढं सगळ्यांनी तेच उतरवलं. एका लिहिणाऱ्याच्या नजरचुकीतून शब्द झाला आणि शेकडो वर्षं लोकांच्या घरांवर त्याच नावानं मालकी चढली. टाईप करणाऱ्या माणसानं हे वाचल्यावर ते विसरता येत नाही. त्या दिवसापासून मी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा मोठ्यानं वाचून मूळ कागदाशी ताडते, आणि समोर बसलेल्या माणसालाही वाचायला लावते.

आता कोशाच्या उण्या बाजू. अक्षर फार बारीक आहे. मी भिंग घेतलं, 120 रुपयांचं, आणि ते घेतल्याशिवाय संध्याकाळी वाचता येत नाही. दोन्ही खंड जड, एका हातात धरून उभ्यानं बघणं होत नाही, टेबल लागतंच. संक्षेप इतके आहेत की पहिला आठवडा पुढच्या पानांवरची यादी उलटण्यात गेला; पण तो आठवडा द्यावाच लागतो, नाहीतर खंजीर कुठला आणि रेघ कुठली कळत नाही. उच्चार दाखवायची पद्धत जुनी, अनोळखी. उच्चारासाठी मी फोनच वापरते. अर्थ इंग्रजीतून इंग्रजीत, मराठीचा आधार नाही. ज्याला सहावी-सातवीच्या पुढचं इंग्रजी येत नाही त्याला हा उघडून काही हाती लागणार नाही, त्यानं घेऊ नये. गेल्या पन्नास वर्षांतले शब्द त्यात नाहीत, ते अपेक्षितही नाही. आपले ‘लाख’ आणि ‘रयत’ मात्र आत आहेत, साहेबी हिज्जे लावून. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा परगावच्या एसटी स्टँडवर गावचं माणूस भेटावं तसं झालं.

माझ्या प्रतीबद्दल: पहिल्या खंडाचा कणा चिकटपट्टीनं धरलाय, वरचं वेष्टन नाही, पानं सगळी आहेत. घेताना मी दुकानातच बसून दोन्ही खंडांची पानं मोजली, दुकानदारानं चहा मागवला आणि घाई केली नाही. ह्या दुकानाचं हे चांगलं. पुस्तकं ढिगात आहेत, विषयवार लावलेली नाहीत, पावसाळ्यात खालच्या थरांना ओल लागते, तेव्हा खालचं पुस्तक घेताना वास घेऊन बघावं. पण माणूस बघू देतो, बसू देतो. आधीच्या मालकानं काही शब्दांपुढं पेन्सिलीची बारीक खूण केली आहे. ‘मॉयटी’पुढं खूण नव्हती. आता माझी आहे.

नवा घ्यावा का? 1993 ला ह्याची नवी आवृत्ती आली, तीही दोन खंडांची, पण ती मुख्यतः 1700 नंतरच्या इंग्रजीवर भर देते. आमच्या कामाच्या शब्दांसाठी मला जुनाच बरा वाटतो, कारण दस्तातले शब्द फार आधीपासून चालत आलेत. आणि ज्यांना कोश विकत घेणं जमणार नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे, तीही सांगते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, इंटरनेटवर फुकट बघता येतो. तो मराठीतून इंग्रजीत आहे, पण त्याच्या अर्थांतलं इंग्रजीच दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. तिथं मराठी शब्दाच्या जागी जुना इंग्रजी शब्द घालून अर्थांच्या मजकुरात शोध घेता येतो. मग कळतं की तेव्हाच्या साहेबानं आपल्या कुठल्या शब्दासाठी तो शब्द वापरला होता. हे मला उशिरा सुचलं. आता दोन्ही उघडे ठेवूनच बसते.

त्या घराचं शेवटी दोन्ही घरच्यांनी बसून वाटणीपत्र करायचं ठरवलं. वकीलसाहेबांनी मसुदा केला, टायपिंग माझ्याकडं. नोंदणीचा कागद कन्नडमध्ये झाला, पण दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना वाचता यावा म्हणून मराठी प्रतही करून दिली. त्यात मी वकीलसाहेबांना विचारून ‘निम्मा म्हणजे अर्धा वाटा-हिस्सा’ असं लिहिलं, तीन वेळा, जिथं जिथं तो शब्द आला तिथं. आणि आडाच्या पाण्याची ओळ जशीच्या तशी ठेवली. आड आता बुजत आलाय म्हणे, पण दोघांनीही ती ओळ काढू नका म्हणून सांगितलं.